स्टॉटांच्या गाडीची छागल

दचकू नका. गाडीच्या नाकाला टांगलेली ही ओली पिशवीच बोलतेय. मी एक छागल, प्यायच्या पाण्याची. जाड कॅनव्हासची, कडांना दुहेरी शिवण, तोंडाला बूच आणि वर धरायला दोरी. आता दोरी बदललेली आहे, एका कोपऱ्याला ठिगळ आहे, पण ताठा अजून तोच आहे. तो का आहे, तेच सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. मला शिवणाऱ्या बायकांचे चेहरे आठवत नाहीत, फक्त मशीनची खडखड आठवते. तिथून मी अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका लहान गावच्या दुकानात आले आणि खिळ्याला लटकले. व्हर्ल स्टॉटला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं. त्यानं मला विकत घेतलं, हौसेनं पाणी भरलं आणि खांद्याला अडकवलं. घरी पोचेपर्यंत त्याची विजार ओलीचिंब! गावातल्या पोरींनी बघितलं ते वेगळंच. तणतणत तो दुकानात परत आला.

"गळकी पिशवी गळ्यात मारलीत माझ्या!"

दुकानदार पोट धरून हसला. "अरे शहाण्या, आधी रात्रभर भिजत घालायची हिला. धागे फुगले की भोकं मिटतात. मग ती गळत नाही, नुसती घामेजते."

घामेजणं हाच माझा गुण. माझं अंग बाहेरून सदा ओलसर असतं. वारा लागला की तो ओलावा उडतो आणि आतलं पाणी गार होतं. वारा जितका जास्त, तितकं पाणी गार. म्हणून व्हर्ल मला गाडीच्या नाकालाच टांगायचा. लाल धुळीच्या रस्त्यावरून गाडी धावायची आणि मी वाऱ्यात डुलत पाणी गार करायची. गुरांमागे हिंडून आलेली माणसं न विचारता माझं बूच काढायची, घटाघटा प्यायची आणि मनगटानं तोंड पुसत "हाऽऽ" करायची. तो "हाऽऽ" ऐकला की मला वाटायचं, या सगळ्या मुलखात माझ्यासारखी मीच.

मग बर्फाच्या पेट्या आल्या, प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. माझी रवानगी मागच्या शेडमध्ये झाली. तिथं उंदरांनी माझी दोरी कुरतडली. धूळ बसून मी लाकडासारखी कडक झाले. किती वर्षं गेली कोण जाणे. माणसांचं असंच असतं, तहान भागली की भांडं दिसत नाही.

व्हर्लचा मुलगा डॅलिन. त्यानं बायको केली ती ओरेगॉनची. शेलिन तिचं नाव. तिच्या माहेरी वर्षभर पाऊस, जंगलं, शेवाळ. इथं आली ती या उघड्याबोडक्या खडकांत. आधीच जिवाला घोर लावून घेणारी, त्यात पदरात ओकली नावाची लहान मुलगी. ओकली शिंकली तरी ही दचकायची. डोंगरात चालताना प्रत्येक दगडावर आधी काठी आपटायची, मग पाय टाकायची. का, तर सापाला कळायला हवं आपण येतोय ते.

दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीला स्टॉट घराणं दरीत उतरून मुक्काम करतं. वर कड्यावर गाडी लावायची, पाठीवर बोजे घ्यायचे आणि दिवसभर चालत तळाशी जायचं. तळाशी एक झरा आहे. तिथं तंबू ठोकायचे, दोन रात्री राहायचं आणि वर यायचं. ओकली चालण्याएवढी झाली, त्या वर्षी शेलिन पहिल्यांदा निघाली.

"परतीच्या चढाचं पाणी वाटेत मध्येच ठेवून जाऊ या," निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली.

"अगं, खाली झरा आहे," डॅलिन म्हणाला. "खालून भरून आणायचं. वरून पाणी नेऊन खाली ठेवणं म्हणजे समुद्राकाठी मीठ विकणं."

"आणि झरा आटला असेल तर?"

"माझ्या जन्मात आटला नाही तो, पोरी," व्हर्ल म्हणाला. पण सुनेचा चेहरा बघून तो शेडमध्ये गेला आणि मला काढून आणलं. नवी दोरी लावली, रात्रभर टबात भिजत घातलं. इतक्या वर्षांनी अंगात पाणी मुरलं, धागा न् धागा फुगला. सकाळी पुन्हा गाडीच्या नाकाला टांगलं तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं.

कड्यावर बोजे बांधताना शेलिनच्या पिशवीतून एक पिवळा रेनकोट बाहेर पडला.

"बघा बाबा, बघा!" डॅलिन ओरडला. "वाळवंटात रेनकोट!"

"असू दे रे," व्हर्ल म्हणाला, "तिच्या माहेरी पाळण्यातच छत्री देतात."

शेलिन हसली, पण कान लाल झाले तिचे. रेनकोट तिनं पुन्हा पिशवीत कोंबला.

अर्धी दरी उतरल्यावर एक सपाट जागा लागते. तिथं एकच ज्युनिपरचं झाड आहे, वाकडं, वाऱ्यात उभं. व्हर्लनं मला काठोकाठ भरलेली त्याच्या फांदीला टांगलं. "इथं मस्त वारा लागेल. परत येऊ तेव्हा बर्फासारखं पाणी!"

मी तर खूश. पण शेलिन माझ्याकडे बघत उभी राहिली. माझ्या तळातून एक थेंब पडला, खडकावर ओला ठिपका उमटला आणि बघता बघता नाहीसा झाला. दुसरा पडला, तोही गेला.

"बाबा, ही अशीच दोन दिवस ठिबकत राहिली तर उरणार काय?"

"वाऱ्यावर नाही ठेवली तर पाणी चहासारखं होईल, पोरी. छागल अशीच ठेवतात. माझा जन्म गेला यात."

सगळे पुढे निघाले. वळणाआड गेल्यावर "बुटात खडा गेलाय, आले मी" असा तिचा आवाज आला आणि पाठोपाठ ती धापा टाकत परत आली. मला फांदीवरून काढलं, बूच घट्ट केलं, त्या पिवळ्या रेनकोटात गुंडाळलं आणि कड्याच्या तळाशी एका खोल, अंधाऱ्या फटीत सरकवून वर दगड लावले. "राग मानू नकोस गं," असं काहीसं पुटपुटली आणि पळाली.

राग? माझा संताप झाला. मी, स्टॉटांची छागल, वाऱ्यावर डुलणारी, मला बोचक्यासारखं कोंडलं! रेनकोटात हवा नाही. मी घामेजायची आणि तो घाम तिथंच साचायचा. पाणी काही गार होईना. दिवसा फट तापली तसं आतलं पाणी कोमट झालं, त्याला रबराचा वास लागला. आता हे कोण पिणार, कोण "हाऽऽ" करणार? मी त्या बाईच्या नावानं बोटं मोडत पडून राहिले.

परतीच्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा घाईची पावलं ऐकू आली. डॅलिन होता, एकटाच. ओठ फुटलेले, चेहरा लालभडक. तो तडक झाडाकडे गेला आणि थबकला. फांदी रिकामी! त्यानं झाडाभोवती फेरी मारली, खाली वाकून बघितलं. मग दोन्ही हात डोक्यावर ठेवून मटकन खाली बसला.

मी इथं आहे, अरे, इथं आहे! पण मला कुठला आवाज.

"शेलिऽऽन!" तो दरीत तोंड करून ओरडला. "छागल नाहीये! कुणीतरी नेली!"

खालून आवाज आला, "झाडावर नाहीये! मी हलवलीय! थांब, मी येते!"

ती आली ती जवळजवळ रांगतच. डॅलिन तिच्यावर खेकसला. "हलवलीस? आणि बोलली नाहीस? बाबा तिकडं पडलेत, शेलिन!"

"हसला असतात तुम्ही!" ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "सांगायला हवं होतं मी, मान्य. आता सरक."

आणि प्रत्येक दगडावर काठी आपटणारी ती बाई, तिनं दगड भिरकावले आणि काही न बघता खांद्यापर्यंत हात फटीत घातला. मला ओढून बाहेर काढलं, हातात तोललं. मी भरलेली होते. जवळजवळ होते तशीच. तिनं डोळे मिटले आणि एक हुंदका दिला.

खाली उतरता उतरता त्यांच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. हिवाळ्यात वर बर्फच पडला नव्हता, म्हणून झरा नुसता टपकत होता. पेला लावून बसायचं तेव्हा घोटभर मिळायचं. परतीला बाटल्या अर्ध्याच भरल्या. व्हर्लनं आपली बाटली गुपचूप नातीला पाजली आणि मोठ्या वळणावर त्याच्या पायातलं बळच गेलं.

एका कपारीच्या सावलीत तो आडवा होता. तोंड कोरडं, अंगावर घामाचा टिपूस नाही. शेजारी ओकली आपल्या टोपीनं त्याला वारा घालत होती. आईला बघून तिचा बांध फुटला. "आजोबा उत्तरच देत नाहीत नीट!"

शेलिननं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "बाबा, घोट घोट घ्या. घाई नको. गरम आहे हं पाणी. वासही येतोय."

पहिला घोट ओघळला. दुसरा गेला. थोड्या वेळानं त्यानं डोळे किलकिले केले.

"चहापत्ती टाकायची राहिली," तो खरखरत म्हणाला.

डॅलिन हसला आणि हसता हसता रडला.

"गरम आहे ना?" शेलिन म्हणाली. "मी तुमचं ऐकलं नाही, बाबा."

"आहे ना पण? आहे, हेच बास."

मग तिनं रेनकोट उलटा केला. माझा दोन दिवसांचा घाम त्यात साचला होता, चांगला ओंजळभर. तो तिनं त्याच्या मानेवर, छातीवर ओतला, ओकलीची टोपी त्यात बुडवून त्याच्या कपाळावर ठेवली आणि दोघींनी मिळून वारा घातला. ज्या घामासाठी मी तिला शिव्या घातल्या, त्याचा एक थेंबही तिनं वाया घालवला नव्हता. त्याच्या तापलेल्या अंगावरून वारा गेला आणि त्यानं लांब श्वास सोडत म्हटलं, "हाऽऽ." आयुष्यात इतके "हाऽऽ" ऐकले, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला माझ्या गारव्यापेक्षा माझ्या भरलेपणाचा अभिमान वाटला.

ऊन उतरल्यावर सगळे सावकाश वर पोचले. गाडीपाशी मी सुरकुतलेली, रिकामी होते. डॅलिन मला नेहमीप्रमाणे नाकाला टांगायला लागला, तर व्हर्ल म्हणाला, "तिच्या हातात दे." शेलिननं मला मांडीवर घेतलं आणि घरापर्यंत तशीच धरून नेलं.

आता व्हर्लचे गुडघे साथ देत नाहीत. दरीत उतरायच्या दिवशी तो कड्यावर घडीची खुर्ची टाकून बसतो. दर उन्हाळ्याला चुलत घरातले नवे जावई येतात, मला बघून म्हणतात, "काका, ही पिशवी कुठं टांगायची?" व्हर्ल हात झटकतो. "मला काय विचारता? सुनेला विचारा."

मग शेलिन सांगते. गाडी धावत असेल तोवर वाऱ्यावर. वाटेत ठेवायची तर सावलीत, फटीत, गुंडाळून. आणि कुठं ठेवली ते सगळ्यांना दाखवून. ती अजून दगडांवर काठी आपटते. अजून ओकलीच्या शिंकेला दचकते. पण आता ती बोलते आणि दांडगे दांडगे पुरुष ऐकतात.

माझं म्हाताऱ्या पिशवीचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घरातली कुणी बाई निघताना म्हणाली, "थोडं पाणी जास्त घेऊ या," तर हसा तिला खुशाल. पण पाणी घ्या.

गाडी सुरू झालीय. निघते मी, वारा यायला लागला.