तिरफळाचे दुसरे नाव

ब्रुअरीतल्या बिअरच्या फळ्यावर ‘सिचुआन सावर’, म्हणजे सिचुआनची आंबट बिअर, असे लिहिलेले पाहिले आणि शुभ्राच्या कानशिलांत रक्त उसळले. त्या बिअरमध्ये चीनचे काहीही नव्हते. आमसुलांचा तांबूस आंबटपणा होता आणि उकळीच्या अखेरीस, काळ्या बिया काढून, न कुटता सोडलेली कोकणातली तिरफळे होती.

पुण्याच्या स्वयंपाकघरात हिवाळ्यामागून हिवाळे तिने हे मिश्रण जुळवले होते. कधी तिरफळ इतके चढे की जीभ बधिर होई. कधी आमसूल वरचढ ठरून बिअरचे नुसते सार होई. इथे दुबईत घरी बिअर करणे बेकायदा, म्हणून ती कृती घेऊन परवाना असलेल्या या ब्रुअरीत ती रुजू झाली. अट एकच घातली: बिअरचे नाव ‘तिरफळ’.

ते बदलले विक्रीप्रमुख सतीशने. आणि सतीश मूळचा वेंगुर्ल्याचा.

“अगं, कस्टमरला उच्चारता तर आलं पाहिजे,” तो म्हणाला.

“वरच्या ओळीतलं जर्मन ‘हेफेवाइत्सेन’ म्हणताना नाही अडखळत कुणाची जीभ?”

तो हसला, अरबीत ‘यल्ला’, म्हणजे चला, म्हणाला आणि मीटिंगला निघून गेला.

नाव खोटे पडले की वस्तूही फार काळ खरी राहत नाही. शुभ्रा रजेवर असताना खरेदी विभागाने फळ्यावरचे नाव प्रमाण मानून चिनी मिरी मागवली आणि दुसऱ्या टाकीतली बिअर त्या मिरीवरच तयार झाली. परतल्यावर तिने पेला नाकाशी नेला. लिंबाच्या सालीसारखा गोडसर, उडता वास. ओल्या लाकडाचा तो रानटी दरवळ मात्र कुठेच नव्हता, जणू कुणी कवितेतला एकुलता एक खरा शब्द खोडून त्या जागी शोभिवंत शब्द बसवावा.

चार दिवसांनी सतीश स्वतःच आला. मालकाला पहिलीच चव परत हवी होती. नावाचे मात्र त्याला सोयरसुतक नव्हते. शुभ्राने पहिल्या टाकीतल्या उरलेल्या बिअरचा पेला सतीशपुढे सरकवला. त्याने घोट घेतला नाही. नुसता वास घेतला.

“याला बांगड्याच्या आमटीचा वास येतो,” तो हळू आवाजात म्हणाला. “आई करायची, तसा. इथे कुणाला कळत नाही. मला कळतो. म्हणूनच नको वाटतं ते नाव.”

बिअरची लाज वाटली असती, तर तिने एक वेळ समजून घेतले असते. याला घराची लाज वाटत होती, आणि त्या लाजेपायी तिचा शब्द पुसला गेला होता.

“ज्याला हा वास ओळखू येतो, त्याच्यासाठीच केली होती मी ही,” ती म्हणाली. “नाव परत ‘तिरफळ’ केल्याशिवाय तिसऱ्या टाकीला हात लावणार नाही.”

करारानुसार कृती कंपनीची आहे, असे त्याने जरा चाचरतच सुनावले.

“ठेवा ना कृती. पण रोल्ला बाजारातल्या ज्या दुकानातून मी ते आणते, तिथे मिरी मागू नका, परत मिरीच मिळेल. तिथे काउंटरपाशी उभं राहून तुम्हाला मोठ्यानं ‘तिरफळ’ म्हणावं लागेल.”