महिन्याची चार पुस्तकं

"आज तूच काढ न चारही. मी बसतो इथंच," हिरालाल म्हणाले आणि ग्रंथालयाच्या दाराशी असलेल्या बाकावर भिंतीचा आधार घेत बसले.

"काहून? पाय दुखून राहिले का?"

"हव. जरासे."

अंजनाबाई कपाटासमोर तशाच उभ्या राहिल्या. रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या या मराठी ग्रंथालयात महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं यायची, पण पुस्तकं निवडायचे ते हिरालालच. रेल्वेच्या वॅगन वर्कशॉपात फिटर म्हणून आयुष्य काढलेला माणूस. पण पुस्तक हातात घेतलं की घाई नसायची. उभ्या उभ्या दोन पानं वाचायची, परत ठेवायचं, दुसरं काढायचं. चारही पुस्तकं एका जातीची नकोत, हा त्यांचा नियम. एक कादंबरी, एक कुणाच्या तरी आयुष्याचं, एक प्रवासाचं, आणि एक असं की ज्यातलं आपल्याला काहीच कळत नाही. मुंग्या, तारे, जुनी नाणी, काहीही. "रोज वरणच खाल्लं तर तोंड मरते," असं ते म्हणायचे.

अंजनाबाई गोंदियाकडच्या एका खेड्यात चौथीपर्यंत शिकलेल्या. पुस्तकं त्या वाचत नसत, ऐकत. संध्याकाळी अंगणात त्या भाजी निवडायला बसल्या की हिरालाल दिवसभर वाचलेलं सांगायचे. सांगताना हात हलवायचे, मध्येच उठून उभे राहायचे. दोघांचा मुलगा यशदीप भिलाईला, मुलगी चेतना राजनांदगावला. घरात आवाज तो एवढाच.

त्या दिवशी ग्रंथपाल पूर्णिमाताईंनी मदत केली आणि चार पुस्तकं पिशवीत पडली.

त्यातलं प्रवासाचं पुस्तक हिरालालनी आठवडाभर सांगितलं. गलबत निघालं, वादळ आलं, शिडं फाटली, गोडं पाणी संपलं. अंजनाबाईंच्या हातातली मेथी तशीच राहायची. एका सकाळी पुस्तक कपाटात ठेवताना त्यांनी सहज उघडलं. आत फोटो होते. उंट, तंबू, आणि पानापानावर वाळू. त्यांनी पुढं उलटलं, मागं उलटलं. समुद्र कुठंच नव्हता.

त्या पलंगावर बसल्या.

हिरालालचे थोरले भाऊ भैय्यालाल असेच सुरू झाले होते. आधी गोष्टी वेगळ्याच सांगायला लागले, मग माणसं विसरले. शेवटी शेवटी स्वतःच्या बायकोला विचारायचे, "बाई, तुम्ही कोणाच्या?" एकदा घरून निघून गेले, ते भाटापाऱ्याच्या स्टेशनवर सापडले, अनवाणी.

त्या दिवसापासून अंजनाबाई नवऱ्यावर नजर ठेवू लागल्या. चहात साखर किती घेतात, चप्पल कुठली घालतात, दाराची कडी लावतात की नाही. पोळ्या लाटता लाटता सहज विचारल्यासारखं विचारायच्या.

"आपल्या चेतनाच्या सासऱ्याचं नाव काय वो? माह्या तर ध्यानातूनच गेलं."

"शालिग्राम. काहून?"

"काही नाही."

उत्तर बरोबर होतं. पण सुरुवातीला भैय्यालालचीही उत्तरं बरोबरच यायची. हिरालाल संडासात जास्त वेळ राहिले तरी त्या दाराशी जाऊन हाक मारायच्या. गेट वाजलं की त्या पिठाच्या हातानं बाहेर धावायच्या. एक दिवस शेजारच्या मुलीकडून त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात नाव आणि घराचा पत्ता लिहून घेतला आणि नवऱ्याच्या सदऱ्याच्या खिशात, रुमालाखाली ठेवून दिला. मुलांना फोन करावा असं रोज वाटायचं. पण फोनवर ते शब्द बोलले की खरे होतील, अशी भीती वाटायची.

त्याच आठवड्यात दोघं सदर बाजारात गेली. नवं राज्य होऊन रायपूर राजधानी झाल्यापासून तिथली गर्दी नुसती वाढत होती. स्कूटर, मोटारसायकली, मध्येच लाल दिव्याची एखादी गाडी. हिरालालनी अंजनाबाईंचा दंड घट्ट धरला होता. सगळ्या संसारात बाजारात कधी त्यांनी असा हात धरला नव्हता.

कापडाच्या दुकानाच्या पायरीवर त्यांनी घाम पुसायला रुमाल काढला. कागद खाली पडला.

"बाबूजी, आपका कागज गिर गया," दुकानदार म्हणाला.

हिरालाल वाकले. त्यांचा तळवा पायरीवरून फिरू लागला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. कागद त्यांच्या पायाच्या अंगठ्यापाशी पडला होता, पांढराशुभ्र, उन्हात. डोळे उघडे होते, पायरीकडेच लागलेले होते. बोटं मात्र दगड चाचपत होती.

अंजनाबाईंनी झटकन कागद उचलला आणि मुठीत धरला.

"काय होतं?" हिरालालनी विचारलं.

"पावती होती. जुनी."

"हो का," ते म्हणाले आणि उभे राहिले.

तर डोकं नाही. डोळे. रिक्षात बसल्यावर अंजनाबाईंना एकदम हलकं वाटलं, इतकं की हसूच आलं. आणि दुसऱ्याच क्षणी आपण कशावर हसतो आहोत हे कळून त्यांनी पदर तोंडाशी धरला.

घरी आल्यावर त्यांनी पाण्याचा पेला नवऱ्याच्या हातात दिला आणि समोर बसल्या.

"कवापासून दिसत नाही?"

हिरालालनी पाणी संपवलं. पेला खाली ठेवण्याआधी जमीन चाचपली.

"दिवाळीच्या आधीपासून अक्षरं फुटून राहिली. मग पानंच गेली."

"आन् सांगितलं नाही? मी इकडं मरून राहिली भीतीनं! मले वाटलं तुमचं भैय्यालालभाऊंसारखं झालं!"

बायकोची ही भीती हिरालालना ठाऊक नव्हती.

"ते गलबत मनातलंच होतं," ते म्हणाले. "वर्कशॉप सुटलं. पोट्टे आपापल्या घरी. संध्याकाळी तुले द्यायले माह्याजवळ तेवढंच होतं, अंजना. तेही गेलं म्हणून कसं सांगू?"

फोन केला तसा यशदीप दुसऱ्याच दिवशी आला आणि दोघांना समता कॉलोनीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. एका यंत्रात हनुवटी टेकवायची, ठिपका चमकला की बटण दाबायचं. हिरालाल आत गेले आणि बाहेर बाकावर बसलेल्या अंजनाबाईंना बटणाचा आवाज ऐकू येत राहिला. टक, टक, टक. इतक्या वेळा वाजलं की त्यांना आशा वाटली.

डॉक्टरीणबाई यंत्रातून निघालेला कागद पाहून मऊ आवाजात म्हणाल्या, "बाबूजी, जहाँ लाइट नहीं थी, वहाँ भी आपने बटन दबाया है।"

हिरालालनी मान खाली घातली. शाळेत पकडलेल्या मुलासारखी.

काचबिंदू होता. एक डोळा गेलेला, दुसऱ्यात थोडंसं उरलेलं. गेलेलं परत येणार नव्हतं. उरलेलं टिकावं म्हणून रोज थेंब घालायचे. "टिकेगा ना?" यशदीपनं विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कोशिश करेंगे।" जिना उतरताना अंजनाबाई नवऱ्याच्या एक पायरी पुढं उतरल्या.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी हिरालाल उठलेच नाहीत. "ग्रंथालयाचं कार्ड बंद करून टाक," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. अंजनाबाई एकट्या निघाल्या. रस्ताभर त्यांना वाटत होतं की मागं घरात काहीतरी पडल्याचा आवाज येईल. ग्रंथालयात त्यांनी पूर्णिमाताईंना मदत मागितली नाही. कादंबरी मिळाली. कुण्या शिक्षिकेचं आयुष्य मिळालं. नर्मदेच्या काठानं चालत गेलेल्या माणसाचं पुस्तक मिळालं. चौथ्यासाठी त्या फार वेळ उभ्या राहिल्या आणि शेवटी पक्ष्यांच्या घरट्यांवरचं एक काढलं.

संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून त्यांनी तेच आधी उघडलं. हिरालाल नको नको म्हणत आले आणि शेजारी बसले. अंजनाबाई बोट ठेवून वाचू लागल्या. शब्द अडायचा, सुटायचा, पुन्हा अडायचा. सुगरण पक्षी गवताची पहिली गाठ कशी मारतो, ते लिहिलं होतं. हिरालालची बोटं मांडीवर हलू लागली, गाठ मारल्यासारखी.

"मंग?" ते म्हणाले.

त्या वाचत गेल्या. पान उलटलं, आणि नव्या पानावरच्या ओळी त्यांना दिसेनात. त्यांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. वर पाहिलं. दिवस मावळला होता, अंगणातलं जांभळाचं झाडही काळं झालं होतं.

"थांबली काहून?" हिरालालनी विचारलं. त्यांचा चेहरा अजून पुस्तकाकडेच होता, उजेडात बसल्यासारखा.

"पान चिकटलं," अंजनाबाई म्हणाल्या.

त्या उठल्या, दाराशी गेल्या आणि दिव्याचं बटण दोन बोटांत धरून, आवाज होणार नाही असं, हळूच खाली केलं.