चालू प्रयोगात टॉवेल-टोपी

सुरतचा प्रयोग आटोपून नंदुरबारकडे निघालेली नाटकाची बस विसरवाडीला चहाला थांबली, पण काजल खाली उतरली नाही. बाकीची मंडळी भजी खात एकमेकांच्या नकला करत होती. काजलला मात्र डोळ्यांसमोर नाट्यगृहाच्या पहिल्या रांगेत बसलेले आप्पा दिसत होते.

आप्पा म्हणजे तिचे वडील, हिलाल पाटील, शहाद्याकडच्या वडाळीचे. पोरगी पुण्यात नाटकात काम करते, हे त्यांनी चार वर्षं कसंबसं गिळलं. आता मात्र फोनवर सरळ सांगून टाकलं होतं, "नंदुरबारले तुन्हं नाटक देखसू, आनी तठून तुले घर लई जासू." नाटक बघून पोरीला तिथूनच कायमचं घरी न्यायचं. आप्पा बोलले की झालं, त्यात बदल नाही.

यात काजलनं स्वतःच्या हातानं घोळ घातला होता. पुण्यात ती चौघींच्या खोलीत एका कॉटवर राहायची. सकाळी पाळणाघरात पोरं सांभाळायची आणि दुपारी सिटी बसला लोंबकळत तालमीला जायची. घरी मात्र सांगायची, मुख्य भूमिका आहे. खरं तर तिचं काम मोलकरणीचं, वाक्यं असून नसल्यासारखी. नाटकात धडपडणाऱ्या निम्म्या पोरापोरींची हीच थाप घरी चालते, आणि आईबाप लांब आहेत तोवर खपूनही जाते. नाटकच गावाकडे निघालं की पंचाईत.

प्रयोग दुपारचा होता. पडद्याच्या फटीतून काजलनं पाहिलं आणि चटकन फट मिटली. सकाळी नंदुरबारातच नात्यातलं लग्न होतं आणि ते उरकून अख्खं वऱ्हाड येऊन बसलं होतं. माय, चुलते, आत्या, सगळे. पुरुषांच्या खांद्यावर आणि डोक्यावर लग्नात मिळालेली कोरी टॉवेल-टोपी. आप्पा मधोमध.

पडदा उघडला. काजल झाडू घेऊन आली आणि वाकून झाडू लागली. आत्या मायला म्हणाली ते थेट रंगमंचापर्यंत ऐकू आलं, "हाई काय वं नर्मदा, तुन्ही पोर तं केर काढी ऱ्हायनी!" काजलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती झाडत राहिली, कारण दुसरं काही करण्यासारखंच नव्हतं.

तिचा खरा प्रसंग दुसऱ्या अंकात. मालकीणबाई चोरीचा आळ घेऊन मोलकरणीला हाकलतात. तिनं उत्तर द्यायचं नाही. राहिलेली फरशी झाडायची, केर भरायचा, झाडू जागेवर ठेवायचा आणि जायचं. दिग्दर्शक नवनीत सरांनी ही शांतता तालमीत पुन्हा पुन्हा घासून घेतली होती. आज ती जमली. सगळं नाट्यगृह गप्प झालं, आत्यासुद्धा. आणि नेमके तेव्हाच आप्पा उठले.

आता आप्पांना माहीत असलेला रंगमंच म्हणजे जत्रेतला तमाशा. तिथं काम काळजाला भिडलं की माणूस तिथल्या तिथं उठतो, वर जातो आणि कलाकाराचा मान करतो. खेळ संपेपर्यंत थांबला तर तो चिक्कू. कलाकारानंही मान घेऊन देणाऱ्याचं नाव-गाव पुकारायचं. नाही पुकारलं तर देणाऱ्याचं भर सभेत नाक कापलं जातं. पुण्याच्या नाटकात असलं चालत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

ते पायऱ्या चढून वर आले. स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढली, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि दोन्ही पुढे धरले. मालकीणबाई आ वासून उभ्या. विंगेत नवनीत सर जिवाच्या आकांतानं हात हलवत होते : नको, घेऊ नकोस! प्रसंग मोडणाऱ्याला बसमधून खाली उतरवीन, हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं, आणि एका मुलाला त्यांनी खरंच उतरवलं होतं.

काजलनं एकदा विंगेकडे पाहिलं, एकदा समोरच्या वऱ्हाडाकडे. मग झाडू खाली ठेवून तिनं मान वाकवली. आप्पांनी टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला. ती ताठ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात तिनं पुकारलं, "वडाळीना हिलाल पाटील, मन्हा बाप, यासनाकडथीन टॉवेल-टोपी!"

टाळ्या आणि शिट्ट्यांनी छप्पर दणाणलं. आप्पा दचकल्यासारखे तिच्याकडे बघत राहिले, मग घाईनं उतरले. काजलनं डोक्यावर टोपी तशीच ठेवून झाडू उचलला आणि उरलेली फरशी झाडली. हळूहळू लोक पुन्हा गप्प झाले.

प्रयोगानंतर नवनीत सरांनी सगळ्यांसमोर तिची बिनपाण्यानं हजामत केली. "धुळ्याच्या प्रयोगाला असली जत्रा चालणार नाही," ते ओरडले. धुळ्याला नेणार म्हणजे नाटकातलं काम शाबूत, एवढं तिला कळलं. पण त्याचा उपयोग काय? बाहेर आप्पा जीपपाशी उभे होते. ती बॅग घेऊनच गेली.

"आप्पा, मी खोटं सांगितलं होतं. माझं काम..."

"घरमा तू कधी झाडू धरा नई," आप्पा मध्येच म्हणाले. "आठे तुले झाडतांना देखं, आनी हाई मन्ही पोर शे, हाईच इसरी गऊ. कोनी गरीबनी लेक समजीसन टोपी दिधी. तू 'मन्हा बाप' म्हनी, तवय ध्यानमा उनं."

त्यांनी तिच्या हातातली बॅग घेतली, जीपला वळसा घातला आणि ती नाटकाच्या बसमध्ये नेऊन ठेवली.