तलावातले सात डाग

डोळे मिटा पाहू. वाचून दाखवणाऱ्याने तेवढे उघडे ठेवा, बाकीच्यांनी मिटा. आता समजा, यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एका कॉलनीत तुम्ही पोहण्याच्या तलावाचा कठडा धरून उभे आहात. एप्रिलची सकाळ आहे. पाणी इतकं नितळ, की तळाची निळी फरशी एक एक करून मोजावी. तुम्ही घरी जाता, वरणभात खाता, दुपारी परत येता. आणि तलावात लाल पाणी असतं. वाळत आलेल्या रक्तासारखं, काळपट लाल.

दचकलात ना? बारा वर्षांची मैत्रेयीही तशीच दचकली.

तिचे वडील धर्मपाल त्या तलावाचे राखणदार. पंपाच्या खोलीला लागून असलेल्या दोन खोल्यांत हे कुटुंब राही. दोन वर्षं तलाव कोरडा पडला होता. यंदा तो उघडायचं ठरलं, तेव्हा घासताना धर्मपालला लहान मुलांच्या रुंद, उथळ कट्ट्यावर सात डाग दिसले. सगळे गोल, तांबूस आणि एका वाकड्यातिकड्या फेरात. साबण झाला, ब्रश झाला, ब्लीचिंग झालं. डाग हलेनात. लोक कुजबुजू लागले, "सात? पाण्याच्या जागी सात म्हणजे साती आसराच!"

साती आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी, त्या माणसाला ओढून नेतात, असं जुनी माणसं सांगतात. नवं पाणी भरलं की त्यांना हिरव्या बांगड्या आणि दहीभात ठेवायची तिथल्या काही घरांत चाल होती. धर्मपालचं घर बौद्ध. त्याने पाणी भरलं, पण बांगड्या काही ठेवल्या नाहीत. आणि शुक्रवारी सकाळी त्याने पाण्यात क्लोरीनची पूड टाकली, तर दुपारी हे असं!

"मी म्हनलं नव्हतं?" कठड्याशी दाटलेल्या गर्दीतून एक बाई ओरडली. "आसरा कोपल्या बाप्पा!"

तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि जलनाथ महाराज आले. भगवी लुंगी, गळ्यात शंखांची माळ आणि आवाज लग्नातल्या लाऊडस्पीकरसारखा.

"मले दोन कोसांवरून वास आला! सात जनी इथं फेर धरून नाचल्या. हे त्यांच्या पावलांचे डाग. कोनं तुडवले ते?"

सगळ्यांनी धर्मपालकडे पाहिलं.

महाराजांनी काचेच्या पेल्यात ते लाल पाणी घेतलं, कमरेच्या पुरचुंडीतून चिमूटभर पांढरा अंगारा काढून त्यात टाकला आणि ढवळलं. पाणी बघता बघता स्वच्छ झालं. मग ते घोटाभर पाण्यात उतरले आणि पुरचुंडी एका डागावर दाबून मंत्र पुटपुटत बसले. ती उचलली, तेव्हा डाग नाहीसा झाला होता. खाली कोरी निळी फरशी होती.

लोकांचे हात आपोआप जोडले गेले. खरं सांगायचं तर मैत्रेयीचेही.

"आनखी पाच डाग मी काढीन," महाराज म्हणाले. "सातवा नाही निंघनार. त्याले मान पायजे. तलाव भरला का या पान्यात पयले कोन उतरते?"

"धर्मपालची पोट्टी," कोणीतरी म्हणालं.

ते खरंच होतं. पोहण्यात ती सगळ्या कॉलनीत पुढे होती.

महाराजांनी तिच्याकडे पाहिलं. "रविवारी हिले सात बुड्या. सहा मी मोजीन. सातवी आसरा मोजतीन. त्यायनं सोडलं तवाच मी हिच्या डोक्यावरचा हात काढीन. तोवर पंप लावू नका. मंग इथं आसरांचं ठानं बसवू."

मैत्रेयीची मैत्रीण पायल तिच्या शेजारीच उभी होती. ती हळूच दोन पावलं मागे सरकली.

कॉलनीचे सेक्रेटरी वामनराव घाम पुसत म्हणाले, "धर्मपाल, सात बुड्यांनी काय होतंय? लोक फार बिथरलेत. नाहीतर तुम्हाला खोल्या सोडाव्या लागतील."

त्या संध्याकाळी घरात कोणी जेवलं नाही.

"बाबा, तुमाले आसरांचं भेव वाटते?" मैत्रेयीने विचारलं.

"आसरांचं नाही वाटत," धर्मपाल म्हणाला. "मानसायचं वाटते. तू पान्याखाली किती टिकतं?"

"चाळीस आकडे."

"आन् त्यानं साठ मोजले तर?"

डोळे मिटले की मैत्रेयीला डोक्यावर एक जड हात जाणवे.

शनिवारी सकाळी तिची आई कौसल्या धुणं घेऊन बसली होती. हातांना काम असलं की मन थाऱ्यावर राहतं, असं तिचं म्हणणं. मैत्रेयीच्या शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर तांबडा पट्टा उमटला होता.

"वाळत घालाची तार गंजली वाटते," कौसल्या म्हणाली. तिने लिंबू कापलं, मीठ लावलं आणि पट्ट्यावर चोळून सदरा उन्हात टाकला. मैत्रेयी नुसती बघत बसली. थोड्या वेळाने पट्टा फिका झाला आणि मग दिसेनासा झाला.

"आई! साबनानं काहून नाही गेला?"

"गंज साबनाले ऐकते काय? त्याले आंबटच लागते."

मैत्रेयी ताडकन उठली. गंज! तलावातले डागही याच रंगाचे होते. पण तिथं लोखंड कुठून आलं? ती पंपाच्या खोलीमागे धावली. दोन वर्षांपूर्वी फरशी बसवणारे गवंडी आपली घमेली कोरड्या तलावाच्या उथळ कट्ट्यावर पालथी टाकून गेले होते, आणि ती दोन पावसाळे तिथंच पडून होती, हे तिला आठवलं. यंदा तिनेच ती बाबांबरोबर उचलून मागे रचली होती. तिने मोजली. सात.

ती तशीच सुचित्राबाईंकडे गेली. बाई शाळेत विज्ञान शिकवत.

"डागांचं कळलं, बाई. पण पानी लाल काहून झालं?"

बाईंनी उत्तर दिलं नाही, उलट विचारलं, "यंदा नवीन काय केलं?"

"पयले नळाचं पानी राहे. यंदा नव्या बोअरचं भरलं."

"मग जा, बोअरचं पाणी बाटलीत घेऊन ये."

त्या दोघींनी दिवसभर काय केलं, ते तुम्हाला रविवारीच कळेल. मैत्रेयीला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. कारण कळलं, तरी भीती लगेच जात नाही.

रविवारी दहा वाजता सगळी कॉलनी जमली. महाराजांनी हात धरून मैत्रेयीला कट्ट्यावर उतरवलं. लाल पाणी तिच्या घोट्यांना लागलं. पुढे एका पावलावर खोल भाग होता. जड हात डोक्यावर पडला, अगदी तिने मनात पाहिला होता तसा.

"महाराज," ती म्हणाली, "एक विचारू?"

"बुडीनंतर विचार."

"बुडीनंतर ती विचारू शकेल ना?" कठड्यावरून सुचित्राबाईंचा आवाज आला. "मुलीला असं बुडवणं गुन्हा आहे, वामनराव. आणि त्यात काही धोका नाही, असं महाराज म्हणत असतील, तर आधी त्यांनी स्वतः साठ आकडे पाण्याखाली राहून दाखवावं. मोजायला मी आहे."

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. हात जरा सैल झाला आणि मैत्रेयी त्याखालून निसटली.

धर्मपाल घमेली घेऊन उभाच होता. तिने एक घेतलं आणि डागावर पालथं ठेवलं. कड कडेवर बरोब्बर बसली. दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं. सहा डागांवर सहा घमेली बसली. सातवं तिने महाराजांनी डाग पुसलेल्या जागी ठेवलं.

"हे आसरांचे पाय नाही," ती म्हणाली. "गवंड्यायची घमेली हायेत. गंजली."

"अरे, हो की!" वामनराव पुटपुटले. "मीच म्हणालो होतो, राहू द्या तिथेच."

"पाखंड!" महाराज गरजले. "मंग रक्त कायचं?"

सुचित्राबाईंनी बोअरच्या स्वच्छ पाण्याचा पेला वर धरला, त्यात क्लोरीनच्या पुडीचे चार कण टाकले. "शंभरपर्यंत मोजा."

आधी मुलं मोजू लागली, मग मोठीही. साठपर्यंत पाणी पिवळट झालं. नव्वदपर्यंत तांबडं.

"या बोअरच्या पाण्यात लोह विरघळलेलं आहे," बाई म्हणाल्या. "तेव्हा ते दिसत नाही. क्लोरीन भेटलं की त्याचा गंज होतो आणि दिसायला लागतो. तलावात हेच झालं. धर्मपाल चुकले एवढंच, की नवं पाणी आधी पेल्यात तपासलं नाही."

मग मैत्रेयीने दुसरी चिमूट टाकली. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या क जीवनसत्त्वाची पूड होती ती, लिंबासारखी आंबट. पेला ढवळला आणि पाणी पुन्हा नितळ झालं.

"महाराज, तुमचा अंगारा पन आंबटच हाय ना?"

महाराजांचा हात पुरचुंडीवर गेला. परवा जोडलेले हात आज कोणी जोडले नव्हते. "आसरा पाहून घेतीन तुमाले!" असं म्हणत ते घाईने कट्ट्यावरून निघाले, ते एका घमेल्याला ठेचकाळूनच.

लोकांचा तऱ्हेवाईकपणा बघा. दोन मिनिटांपूर्वी थरथरणारी माणसं आता ओरडू लागली, "मैत्रेयी, मार उडी! मंग मानू!"

मुलांनो, इथेच नीट लक्ष द्या. भीती वाटणं हा गुन्हा नाही. मलाही वाटते. पण भ्यालेल्या माणसाला चमत्कार विकणं फार सोपं असतं, म्हणून भीती वाटली की आधी विचारा: यंदा नवीन काय झालं? इथं पूर्वी काय ठेवलं होतं? आणि उत्तर मिळालं, तर ते पेल्यात तपासून बघा, सर्वांसमोर.

मैत्रेयीने उडी मारली नाही. तिने बाबांची पाणी तपासायची छोटी नळी आणली, तलावाचं पाणी भरलं, थेंब टाकले आणि नळीचा रंग तक्त्यावरच्या रंगाशी जुळवून पाहिला. पाणी अजून बिघडलेलंच होतं. पंप चालवून गंज गाळायचा होता, आंबट पुडीने उरलेले डाग काढायचे होते आणि मग सोडा टाकून पाण्याचा आंबटपणा बेताचा करायचा होता. तिने पंपाच्या खोलीतून खडू आणला, कठड्याजवळच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "पाणी तयार नाही. गुरुवारी या." आणि मग खडूचा उरलेला तुकडा मागे उभ्या असलेल्या पायलच्या हातात दिला, खाली आजची तारीख घालायला.