आधी पाहुणा, आधी आजी

मित्रांनो, मी लांब दांड्याचा एक जुना चमचा आहे. भिवंडीजवळच्या वळ गावात, भाऊंच्या घरी लोणच्याच्या बरणीत उभा असतो. जन्म मात्र कोरियातल्या कारखान्यातला. तिथून मी मुंबईतल्या एका कोरियन हॉटेलात कामाला लागलो. जो येई तो माझा दांडा न्याहाळी, आणि मी उगाच फुशारून जाई.

२००५ सालची गोष्ट. एका संध्याकाळी भाऊ तिथे आले, सोबत आई सीताबाई आणि मुलगा दीपेश. भाऊंनी शेतजमिनीवर मोठं गोदाम बांधलं होतं, पण ते रिकामंच पडलं होतं. कोरियाच्या पार्क साहेबांची कंपनी ते भाड्याने घेणार होती. त्याआधी घरच्या मंडळींसोबत जेवायचं, असा साहेबांचा आग्रह.

मी सीताबाईंच्या पुढ्यात होतो. मधोमध माशाचं तिखट कालवण वाफाळत होतं. कोणी हात लावीना.

कोरियात थोरल्या माणसाने चमचा उचलल्याशिवाय बाकीचे जेवत नाहीत. साहेब सीताबाईंसाठी खोळंबले होते आणि सीताबाई साहेबांसाठी.

"आजी, घे ना," दीपेश कुजबुजला.

"पावन्याच्या आदी मी कशी जेवू? तो येवढ्या लांबना आलाय. आपल्यात असा न्हाय."

साहेबांचा चेहरा पडला. आजींना हे जेवण पसंत नाही, असं त्यांना वाटलं. गोदामाचं काम फिसकटलं, असंच भाऊंनी धरलं. मला दोन्हीकडचं कळत होतं, पण चमच्याला कोण विचारतो?

कालवण निवायला लागलं. ते मात्र सीताबाईंना बघवेना. त्यांनी मला उचललं, तळातला चांगला तुकडा काढला आणि साहेबांपुढे नेला.

"खा बाला, थंड व्हतंय."

आजींनी चमचा उचललेला पाहून साहेबांनी मान लववली, दोन्ही हातांनी वाडगा पुढे धरला आणि घास घेतला. मग सीताबाई जेवल्या. कोणाचीच रीत मोडली नाही.

गोदाम भाड्याने गेलं. हॉटेलवाल्याला विचारून साहेबांनी मला सीताबाईंच्या हाती दिलं. त्यानंतर वळ गावी घरात कोणीही पाहुणा आला की पहिलं वाढणं माझ्याकडे असे.

आता गोदामं वाढली, पाहुणे कमी झाले. भूक लागेल तेव्हा जो तो टीव्हीसमोर बसून जेवतो. माझी बरणीत रवानगी झाली आणि चकाकी गेली. सीताबाई खाटेवर असतात. ताट आलं की विचारतात, "सगली जेवली का?" टीव्हीच्या आवाजात ते कोणाला ऐकू जात नाही.

मित्रांनो, मला कोणी घासलं-पुसलं नाही तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरात सीताबाईंसारखं कोणी असेल, तर आपलं ताट उचला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसा. इथे ताटातलं कालवण निवलंय आणि सीताबाई अजून थांबल्या आहेत.