ब्रिटनीचा उतारा

गणपती उलटून गेले होते आणि यमुना राऊत बाईंच्या तिसरीच्या वर्गात त्या आठवड्यात शिकवणं असं झालंच नव्हतं. सोमवारपासून स्तर तपासणी चालू होती. एकेका मुलाला टेबलापाशी बोलवायचं, कार्ड हातात द्यायचं, त्याला अक्षर येतं, शब्द येतो, वाक्य येतं की अख्खा उतारा ते बघायचं आणि तक्त्यात खूण करायची. संध्याकाळी विरारला घरी गेल्यावर त्याच खुणा मोबाइलमध्ये भरायच्या. अडतीस मुलं. शिवाय शेजारची दुसरी, कारण तिथल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर. मधलं दार उघडं ठेवून दोन्ही वर्गांवर ओरडता ओरडता बुधवारीच बाईंचा घसा बसला होता.

शुक्रवारी खिचडी झाल्यावर ब्रिटनीची पाळी आली. ती पाचूबंदरची. आई फेलिशिया मासळी विकायची, वडील बोटीवर असायचे. वर्गात या मुलीचा काही त्रास नव्हता. फळ्यावरचं सुबक अक्षरात उतरवून घ्यायची आणि गप्प बसायची. दुसरीतही ती बाईंकडेच होती. तेव्हाच्या तक्त्यात तिच्या नावापुढे 'उतारा' अशी खूण होती.

तिने कार्ड घेतलं आणि घडाघडा सुरू केलं. "मीनाच्या परसात पेरूचं झाड होतं. मीना रोज झाडाला पानी घालायची..."

बाईंनी पेन टेकवलं. 'पानी' म्हणाली म्हणून काही बिघडत नव्हतं, घरी तसंच बोलतात. पण मान वर केली तर मुलीची नजर कार्डावर नव्हतीच, खिडकीकडे होती.

"थांब. इथून वाच." बाईंनी मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

ब्रिटनीने बोटाकडे पाहिलं, मग पुन्हा खिडकीकडे.

"बरं, एवढा एकच शब्द सांग."

शब्द 'झाड' होता. ब्रिटनीने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागली, "मीनाच्या परसात..."

"तुला हे पाठ आहे का गं?"

तिने मान डोलावली. "सगळे वाचत होते ना बाई. ऐकून ऐकून आलं."

पाच दिवस तोच उतारा वर्गात घुमत होता. गेल्या वर्षीही असंच झालं असणार. त्या तपासणीचा शेवटचा दिवस बाईंना आठवला. वीसेक मुलं उरली होती, डोकं दुखत होतं, आणि त्या वर न बघता खुणा करत सुटल्या होत्या. वर्षभर ही मुलगी त्यांच्यासमोर बसत होती आणि तिला वाचता येत नव्हतं.

मुख्याध्यापक काशिनाथ सरांनी तक्ता पाहून चष्मा काढला.

"गेल्या वेळी उतारा, आता अक्षर? मूल मागे गेलेलं दिसेल. वरून खुलासा मागतील."

"गेल्या वेळचं माझं चुकलंय, सर."

"निदान शब्द तरी टाका."

"शब्द येत नाही तिला."

सरांनी चष्मा पुन्हा घातला. त्यांच्याही टेबलावर तक्त्यांचा ढीग होता. "निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची, बाई. बघा, तुम्हाला काय ते," म्हणाले.

बाईंनी 'अक्षर' भरलं.

सोमवारी फेलिशिया आली. सगळं ऐकून ती खालीच बसली. "घरी पुस्तक उघडून सगळं म्हनते ओ ती. मी शाळेत गेले नाय, मला काय कळनार?"

"तुमचा दोष नाही. शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबवते तिला."

"रिक्षा निघून जाईल, बाई. न्यायला कोन येनार? त्या टायमाला मी बाजारात."

मग मधली सुट्टी ठरली.

बाईंना त्या सुट्टीत फक्त पाय लांब करून बसावंसं वाटायचं. त्याऐवजी समोर ब्रिटनी, पाटी आणि 'क'ला काना. बाहेर मुली लंगडी खेळायच्या आणि ब्रिटनीचं सगळं लक्ष तिकडे. एकदा चिडून तिने पाटी ढकलून दिली. एकदा बाईंचाच डोळा लागला. जाग आली तेव्हा ब्रिटनी पाटीवर मासे काढत बसली होती. मध्येच प्रशिक्षण, मध्येच कसलंसं सर्वेक्षण, की आठवडाभर खंड. मग मागचं अर्धं विसरलेलं असायचं.

डिसेंबरात खुलासा मागणारं पत्र आलंच. बाईंनी लिहिलं, 'मागील नोंद मी नीट तपासणी न करता केली होती.' खाली सही केली. त्यावर पुढे काहीच उत्तर आलं नाही.

मार्चमध्ये पुन्हा तपासणी लागली. या वेळी बाईंनी टेबल व्हरांड्यात नेलं, आतल्या मुलांना ऐकू जाणार नाही इतकं लांब. आत दुसरीच्या मुलांनी धिंगाणा घातला, तो त्यांनी घालू दिला.

ब्रिटनीने कार्डावर बोट ठेवलं. "प... पपई. ख... डू. खडू." वेलांटीपाशी ती अडखळायची, ओठ हलवत परत मागे जायची. दहापैकी सात शब्द वाचले. खालचं वाक्य तिला लागलं नाही. बाईंनी 'शब्द' अशी खूण केली.

"झालं?" ब्रिटनीने विचारलं. "आता सुट्टीत खेळायला जाऊ?"

"आज जा. सोमवारी ये परत. वाक्य राहिलंय अजून."

ब्रिटनीचं तोंड उतरलं. बाईंनाही सोमवार नकोसाच वाटत होता. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि दारापाशी जाऊन पुढच्या मुलाला, भूपेशला हाक मारली.