कोपऱ्यापाशी थांबलेली रेघ

"ही मध्ये उघडली कुणी?" फ्रेम पालथी घालून मागचा पुठ्ठा काढता काढता भिंगने विचारलं.

काउंटरपलीकडच्या नर्सबाईंना प्रश्नच कळला नाही. "तुम्हीच उघडलीत की आत्ता."

"आत्ताचं नाही म्हणत मी. मध्ये कुणाकडे दिली होतीत?"

"अहो फ्रेमवाले, मागच्या महिन्यात तुमच्याकडून नेली ती भिंतीवर लावली. आज उतरवली. नातीचा नवा फोटो घालायचाय, आडवा आहे, एवढंच. भिंतीवर कोण उघडणार तिला, पाल?"

भिंग हसला नाही. त्याचं खरं नाव गल्ली कधीच विसरली होती. समोर येईल त्या माणसाकडे तो भिंगातून पाहिल्यासारखा पाहायचा, म्हणून हे नाव पडलं. त्याला ते माहीत नाही असा गल्लीचा समज होता. त्याला चांगलं माहीत होतं. ते कुणी ठेवलं, याचा तपास अजून चालू होता.

फोटोभोवती मधोमध खिडकी कापलेली जाड पुठ्ठ्याची चौकट बसवतात, तिला या धंद्यात माउंट म्हणतात. भिंगने ते माउंट उचलून मागची बाजू पाहिली. खिडकी कापण्याआधी मागून पेन्सिलीने रेघा माराव्या लागतात. भिंगची रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत आरपार जायची; हात धंद्यात पडला तेव्हापासूनची सवय होती ती. या रेघा कोपऱ्यापाशी येऊन थांबल्या होत्या, पेन्सिल वर्षभर पुरवायची असावी तशा.

"हे माझ्या हातचं नाही," तो म्हणाला.

नर्सबाईंचा पारा चढला. "म्हणजे मी खोटं बोलते? खरं सांगू का, मध्यंतरी तुमचं काम बिघडलं होतं. माझ्या भावाच्या फोटोचे कोपरे बघा एकदा घरी येऊन. ही फ्रेम नेली तेव्हा वाटलं, चला, हात पुन्हा पहिल्यासारखा झाला. म्हणून तर आले."

काम बिघडल्याचं भिंगने मनावर घेतलं नाही. गिऱ्हाईक खिळा वाकडा ठोकतं आणि फ्रेमला नावं ठेवतं, हे त्याचं जुनं मत होतं. पण आपल्या दुकानात आपल्या नावावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात चालतोय, हे काही त्याच्या डोक्यातून जाईना. बाई गेल्यावर तो कितीतरी वेळ त्या रेघांकडे बघत बसला.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. माउंटचे पुठ्ठे हल्ली लवकर संपत होते. आणि मेहुणा. पाण्याच्या मीटरचं रीडिंग घेत हिंडणारा हा बायकोचा धाकटा भाऊ गेले काही महिने नेमका दुपारचा टपकत होता. आल्या आल्या म्हणायचा, "दाजी, आता आराम करा की." याच महिन्यांत बायकोलाही त्याच्या झोपेची काळजी लागली होती. जेवलं की पडा, डोळे लाल झालेत. आयुष्यभर दुपारी न झोपलेल्या माणसाला ही दोघं भावंडं कशासाठी झोपवत होती? भिंगने सुतावरून स्वर्ग गाठला. मेहुणा आतल्या आत काम शिकतोय, आणि एक दिवस दुकान घशात घालणार.

त्याने कटरच्या नव्या पात्यांचं पाकीट गुपचूप उशीच्या अभ्र्यात सरकवलं. टेबलावर ठेवलं ते बोथट पातं. आता बघू कशाने कापतात.

जेवताना त्याने विषय काढलाच. "तुझा भाऊ हल्ली फार फिरकतो."

"मीटर बघायला येतो," बायको म्हणाली.

"आपलं मीटर आठवड्याला बघावं लागतं?"

"तुम्ही पाणी फार वापरता. जेवा."

तिच्या डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. "हे काय?"

"भाजी चिरताना लागलं."

डावखुऱ्या बाईला भाजी चिरताना डाव्या अंगठ्याला कसं लागतं, हाही प्रश्न त्याला पडला. पण एका वेळी एकच चोर पकडावा म्हणून तो गप्प बसला.

दुकानामागेच खोली, मध्ये नुसता पडदा. भिंग भिंतीकडे तोंड करून आडवा झाला आणि थोड्या वेळाने घोरायला लागला, अर्थात खोटं. मेहुण्याचा आवाज आला.

"ताई, झोपले?"

"घोरतायत. आणलंस?"

"पातीही आणलीत, पुठ्ठाही. अगं, एकदा सांगून टाक ना त्यांना."

"तू जा आता."

मेहुणा गेल्याचं ऐकून भिंग उठला. कट शिजला होता, आता फक्त झाकण उघडायचं होतं. त्याने पडद्याच्या फटीला डोळा लावला.

बायको चष्मा लावून टेबलापाशी उभी होती. त्याने सकाळी कापलेलं माउंट तिने दाराच्या उजेडासमोर धरलं होतं. खिडकीतून उजेड येत होता, तो यायचाच. पण काप जिथे थांबायला हवा, त्या कोपऱ्याच्या पुढेही उजेडाची बारीक रेघ गेली होती. चारही कोपऱ्यांना तेच. असं माउंट कुणी शिकाऊ पोराने कापलं असतं तर भिंगने त्याच्या तोंडावर फेकलं असतं.

हे तिनेच बिघडवलं असणार, हा त्याचा पहिला विचार. पण तिने ते उलटं केलं तेव्हा मागे पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. या कडेपासून त्या कडेपर्यंत, आरपार. त्याच्याच.

तिने ते माउंट कपाटामागे सरकवलं. तिथे आणखी बरीच होती. मग नवा पुठ्ठा घेतला, रेघा मारल्या, प्रत्येक रेघ कोपऱ्यापाशी थांबवली, आणि डाव्या हाताने कटर धरून, चिंधी बांधलेल्या अंगठ्याने पातं दाबत कापायला लागली. त्याने तिला कधी शिकवलं नव्हतं. लग्न झाल्यापासून ती काच पुसत होती, मागची चिकटपट्टी लावत होती, आणि बघत होती.

भिंगला आधी राग आला. मग लाज वाटली, आणि मग चक्क भीती. त्याने आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला. हात थरथरत नव्हता. डोळ्यांनाही सगळं दिसत होतं, असं त्याला आजवर वाटत आलं होतं. आयुष्यभर त्याने सगळ्यांवर संशय घेतला होता. या हातावर आणि या डोळ्यांवर मात्र घ्यायचा राहून गेला होता.

तयार माउंट तिने त्याचं होतं तिथेच, तसंच तिरकं ठेवलं. त्यावर त्याची पेन्सिलही होती तशी ठेवली. तो परत जाऊन पडला.

"अहो, उठा. चहा झालाय."

तो दुकानात आला, माउंट उचललं, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "बरं झालंय," तो म्हणाला.

"होणारच," ती कपबशी ठेवत म्हणाली. "हात कुणाचा आहे!"

चहा निवला तरी तो माउंट हातात घेऊन उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नर्सबाईंच्या नातीचा फोटो टेबलावर काढून ठेवला. मापं घेतली, पुन्हा घेतली. पुठ्ठा पालथा घालून रेघा मारल्या, आणि चारही कोपऱ्यांपाशी पेन्सिल थांबवली. हाताला सवय नव्हती, एकदा खोडावं लागलं. कटरला तो शिवला नाही. उशीतलं पाकीट आणून त्याने टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवलं.

जेवायला बोलवायला बायको आली. तिने पुठ्ठा पाहिला, पाकीट पाहिलं.

"जेवून पडणार ना?" तिने विचारलं.

"पडतो की. डोळे लाल झालेत."

"झालेत खरे," ती म्हणाली.

दुपारी तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. पलीकडे स्टूल सरकवल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. ती कशाची वाट बघतेय ते भिंगच्या लक्षात आलं. त्याने डोळे मिटले आणि मोठ्याने घोरायला सुरुवात केली. पुठ्ठ्यात पातं शिरल्याचा आवाज आला, तरी तो घोरतच राहिला.